पारड्याखालचा पाला

शिक्केसाहेबांच्या हृदयात अनियमितता आढळली, ही बातमी कॉलनीत पसरली तेव्हा कोणाचा विश्वासच बसेना. दुसऱ्या कोणाच्या हृदयात आढळली असती तर लोकांनी जरा हळहळून सोडून दिलं असतं. पण ज्या माणसाने उभी हयात दुसऱ्यांच्या अनियमितता पकडण्यात घालवली, त्याच्याच छातीत असा बेशिस्त कारभार चालू असावा, हे जरा जास्तच झालं. खुद्द साहेबांना आजारापेक्षा त्या शब्दाचा राग आला होता. "हृदय कमजोर म्हणा, थकलेलं म्हणा, काय वाटेल ते म्हणा," ते हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरांना म्हणाले, "पण अनियमित हा शब्द कागदावर नको. माझ्या नोकरीत तो माझ्या नावापुढे कधी लागलेला नाही."

मोठ्या डॉक्टरांनी तो शब्द तसाच ठेवला. त्यांना काय कल्पना!

शिक्केसाहेब हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. साहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बाजारातल्या एकेका दुकानात जायचं, तराजूची दांडी सरळ आहे का बघायचं, खात्याची पितळी वजनं ठेवून काटा तपासायचा आणि सगळं ठीक असलं तर तराजूवरच्या शिशाच्या थेंबावर शिक्का ठोकायचा. एकदा शिक्का बसला की तो तराजू वर्षभर खरा. वर्षभर त्याच्याकडे परत बघायचं कारण नाही, असा खात्याचा नियम. हा नियम जरा लक्षात असू द्या, कारण पुढचा सगळा घोटाळा त्याच्यातूनच झाला.

साहेब दुकानात शिरले की दुकानदारांचं धाबं दणाणायचं. इतर निरीक्षक पारड्यात बघत. साहेब आधी वाकून पारड्याखाली बघत. तिथे चिकटवलेलं लोहचुंबक, मेणाचा गोळा, आतून पोखरलेली वजनं, तोलताना पारड्याला अलगद टेकलेला अंगठा, असं काय काय त्यांनी पकडलं होतं. मोठमोठ्या व्यापाऱ्यांनी हात जोडले, डोळ्यांत पाणी आणलं, पण तुटपुंजा फरकसुद्धा साहेबांनी कधी सोडला नाही. निवृत्त होताना खात्याने त्यांना एक छोटासा पितळी तराजू वजनांसकट दिला. तो दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात होता आणि दर रविवारी साहेब त्याला पुसून, दांडी सरळ आहे ना बघून, परत आत ठेवत. काकूंना, म्हणजे साहेबांच्या बायकोला, त्या कपाटाला हात लावायची परवानगी नव्हती. काकूंनी ती मागितलीही नव्हती, ही गोष्ट वेगळी.

तर भाजीवाल्याशी काट्यावरून हुज्जत घालता घालता साहेबांना एक दिवस भोवळ आली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी नाडी बघितली, भुवया चढवल्या आणि मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं ते असं, "ठोके मध्येच धावतात, मध्येच अडखळतात. अशा हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती डोक्यात गेली तर अर्धं अंग जाईल. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यायची. पण ही गोळी जपून. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्त थांबणार नाही. वरचेवर रक्त तपासून मात्रा ठरवावी लागते."

साहेबांना हे फार पटलं. एका बाजूला गुठळी, एका बाजूला रक्तस्राव आणि मधे काटा. औषधशास्त्रात इतका सरळ विचार असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

काकूंना मात्र अजिबात पटलं नाही. पातळ या शब्दाशी त्यांचं जन्माचं वैर होतं. दूध पातळ निघालं तर त्या दूधवाल्याला दारात उभा करत. पातळ रंग, पातळ कापड, पातळ सबब, काहीही त्यांच्या घरात खपत नसे. आणि आता चांगल्या नवऱ्याचं रक्त पातळ करायचं, तेही पदरचे पैसे देऊन?

"अहो, पण तुमचं रक्त मुळात काय वाईट आहे?" त्यांनी विचारलं.

"वाईट नाही गं. दाट आहे."

"मग दाट असणं चांगलं ना?"

यावर साहेबांनी गुठळी, डोकं, अर्धं अंग हे सगळं समजावलं. काकूंनी मान डोलावली. पण मान डोलावणं आणि पटणं यांत किती अंतर असतं ते लग्न झालेल्या माणसाला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सल्लागार जमा झाले. खालच्या मजल्यावर विमेवाल्या बाई राहत. आयुष्यभर लोकांना त्यांचे आजार विचारून विचारून अर्ध्या डॉक्टर झालेल्या. "रक्त पातळ म्हणजे अंगात काही राहत नाही हो काकू," त्या म्हणाल्या. "हिरवा पाला द्या त्यांना भरपूर. पाल्याने रक्त कसं दाट होतं." वरच्या मजल्यावरचे भूगोलाचे मास्तर, निवृत्त होऊनही हातातून खडू न सुटलेले, यांनी वर्तमानपत्राच्या कडेला एक नदी काढली, तिला वळण दिलं आणि वळणावर गाळ साचवून दाखवला. "प्रवाह राहिला पाहिजे. कच्ची लसूण चावा." म्हणजे बाई दाट करायला निघालेल्या, मास्तर पातळ करायला. आणि दोघांचा आग्रह इतका प्रेमाचा, की नाही म्हणायची सोय नव्हती.

काकूंनी रात्रभर विचार करून आपला मार्ग काढला. डॉक्टरांची गोळी बंद करायची नाही, कारण डॉक्टर शिकलेले. पण रक्ताचं अगदीच पाणी होऊ नये, एवढं घरच्या माणसाने बघायला नको का? तेव्हा पाला. अडचण एकच होती. साहेब पाल्याला शिवत नसत. ताटात हिरवं दिसलं की "मी काय शेळी आहे?" हा ठरलेला प्रश्न यायचा. मग काकूंनी पाला वाटायला सुरुवात केली. सारात गाळून, पिठात मळून, अंड्यात फेटून, बटाट्यात दडवून, रोज एक भरगच्च जुडी त्या साहेबांच्या पोटात घालू लागल्या.

"हल्ली सगळं हिरवं हिरवं का दिसतं?" साहेबांनी एकदा विचारलं.

"चष्म्याचा नंबर वाढला असेल," काकू म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा तपासून घेतला. नंबर खरोखरच किंचित वाढला होता, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला. पारड्याखाली वाकून बघणाऱ्या माणसाला स्वतःच्या ताटाखाली बघायचं सुचलं नाही, त्याला काय करणार?

इकडे हॉस्पिटलात रक्त तपासलं तर ते हवं तेवढं पातळ होईना. तिथल्या धाकट्या डॉक्टरीणबाईंनी मात्रा वाढवली. काकूंनी वाढलेली गोळी बघितली, धसका घेतला आणि जुडी मोठी केली. डॉक्टरीणबाईंनी आणखी वाढवली. काकूंनीही माघार घेतली नाही. एकमेकींना कधीही न भेटलेल्या या दोन बायका साहेबांच्या अंगात अशी रस्सीखेच करत होत्या, आणि मधे साहेब दोन्ही बाजूंचं सगळं निमूटपणे गिळत होते. शेवटी एकदाचं काकूंच्या जुडीत आणखी पाला मावेना, तेव्हा काटा मधोमध आला.

"उत्तम!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हीच मात्रा चालू ठेवा. आता तपासण्या घराजवळच करा, तुमच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली."

आणि बाहेरच्या काउंटरवरच्या माणसाने त्या कागदावर धाडकन शिक्का मारला. 'तपासले.'

साहेब त्या शिक्क्याकडे बघतच राहिले. गोल, ठसठशीत, शाई कुठे फाकलेली नाही. एवढा नेटका शिक्का त्यांनी निवृत्तीनंतर पाहिला नव्हता. आता तो माणूस समोर येईल त्या कागदावर तोच शिक्का मारत असे, मग ते कँटीनचं बिल का असेना, हे साहेबांना कुठून ठाऊक असणार? त्यांच्या लेखी शिक्का बसला, विषय संपला. वर्षभर रक्त खरं.

तरी शहाणा माणूस म्हणून ते कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे एकदा गेले. डॉक्टरांनी कागद दोन बोटांत धरला, गरम भांडं धरावं तसा. "हे मोठ्यांनी चालू केलंय. तेच बघतील. मी कशाला मधे पडू?" तरी त्यांनी एकदा रक्त तपासायला लावलं आणि रिपोर्ट हॉस्पिटलला पाठवून दिला. हॉस्पिटलने तो एका ट्रेमध्ये ठेवला, कारण देखरेख कोपऱ्यावरचे डॉक्टर करताहेत अशी त्यांची समजूत. अशा रीतीने साहेबांच्या रक्तावर दोन दोन ठिकाणी देखरेख चालू होती आणि बघत मात्र कोणीच नव्हतं.

तेवढ्यात परगावी मुलीला बाळ झालं आणि काकूंना जावं लागलं.

निघताना काकूंचा पाय उंबऱ्यातून निघेना. त्यांना पाल्याचं सांगायचं होतं. सांगावं तर इतक्या दिवसांची चोरी उघडी पडणार. न सांगावं तर साहेब खाणार काय? "जेवणात जरा हिरवं घेत जा हं," एवढंच त्या म्हणाल्या.

"हो हो," साहेब म्हणाले, आणि रिक्षा वळताच ते जन्मभरासाठी विसरून गेले.

मग साहेबांच्या घरी पांढरं राज्य आलं. उकडलेली अंडी, उकडलेले बटाटे, भात, पाव, दही. साहेब इतके खूश होते की एकटेच गुणगुणत. बायकोची आठवण येत नव्हती असं नाही. दुपारी चहाचे दोन कप मांडायचे आणि मग एक परत ठेवायचे, असं त्यांचं रोज होत असे. पण जेवण, छे, जेवण झकास चाललं होतं.

पहिल्यांदा हिरड्यांतून रक्त आलं. साहेबांनी ब्रशला दोष दिला आणि नवा ब्रश आणला. मग दाढी करताना हनुवटीला जरासं कापलं तर ते थांबायचं नाव घेईना. साहेब त्यावर कापूस चिकटवून बँकेत गेले. खिडकीवरच्या मुलीने विचारलं, "आजोबा, लागलं का?" लागल्याचं काही नाही, पण उभ्या जन्मात त्यांना कोणी कचेरीच्या खिडकीवर आजोबा म्हटलं नव्हतं. ती जखम हनुवटीपेक्षा खोल गेली.

मग अंगावर डाग उमटू लागले. दाराची कडी लागली, निळा डाग. खुर्चीचा हात लागला, जांभळा डाग. भूगोलाचे मास्तर ते डाग बघून हरखून गेले. चष्मा पुसून म्हणाले, "साहेब, हा दंडावरचा सरळसरळ द्वीपकल्प आहे हो. आणि हा बघा, याला खाडी आहे. काल होती का?" बोटाने सीमा दाखवताना त्यांनी जरा जोर दिला, त्यामुळे द्वीपकल्पाशेजारी एक नवीन बेट तयार झालं. मग बिचारे ओशाळले आणि घरी जाऊन लसणाचा गड्डा घेऊन आले.

विमेवाल्या बाईंनी साहेबांना गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळ्या दिल्या. गुडघ्यावरही डाग होता, दुखत होतं, आणि बाईंकडे पाकीट शिल्लक होतं. वाया घालवायचं का? साहेबांनी त्याही घेतल्या. प्रेमाने दिलेल्या गोळीला चिठ्ठी लागत नाही, अशी आपल्याकडे एक समजूत आहे.

शेवटी साहेबांच्याही मनात पाल चुकचुकली आणि ते हॉस्पिटलात गेले. काउंटरवर तोच शिक्केवाला. "पाठवणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी?" नव्हती. साहेब कोपऱ्यावर गेले. "मोठ्यांचं औषध आहे साहेब, मी चिठ्ठी कशी देऊ? तुम्ही थेट जा ना." साहेब परत काउंटरवर. "थेट घेत नाही आम्ही." साहेबांनी शर्टाची बाही वर करून द्वीपकल्प दाखवला. "त्वचेचा विभाग पलीकडे," तो म्हणाला. साहेबांनी खिशातून शिक्क्याचा कागद काढला. "हा तुमचाच शिक्का आहे. याची मुदत अजून शिल्लक आहे!" त्या माणसाने कागद बघितला, साहेबांकडे बघितलं आणि शांतपणे त्यावर आणखी एक शिक्का मारून दिला.

खरं सांगायचं तर त्या दुसऱ्या शिक्क्याने साहेबांना थोडा धीर आला. सवय वाईट असते.

काकू रोज दुपारी, बाळ झोपलं की, व्हिडिओ कॉल करत. डाग दिसू नयेत म्हणून साहेब उकाड्यात लांब बाह्यांचा शर्ट आणि गळ्यात मफलर घालून बसत आणि फोन असा धरत की फक्त कपाळ दिसावं.

"अहो, मला रोज तुमचं कपाळच का दिसतं?"

"नीट धरता येत नाही गं फोन."

"बाळाला वाटेल आजोबा म्हणजे नुसतं कपाळ. जेवलात?"

"जेवलो की."

"हिरवं?"

"हिरवंगार," साहेब म्हणाले. काकू तिकडे अडकलेल्या, मुलगी बाळंतीण, उगाच कशाला जिवाला घोर? डोळ्यांत तेल घालून लोकांचं खोटं पकडणारा हा माणूस, रोज दुपारी मफलर गुंडाळून धडधडीत खोटं बोलत होता आणि बोलून झालं की बराच वेळ बंद फोनकडे बघत बसत होता.

एके दुपारी बोलता बोलता साहेबांना शिंक आली. साधी शिंक. पण त्यानंतर फोनच्या काचेवर एक लाल थेंब पडला. मग दुसरा. साहेबांनी मफलर नाकाला लावला. मफलर भिजला.

तिकडे काकू पुढे वाकून म्हणाल्या, "फोन खाली घ्या."

"काही नाही गं, जरा उष्णता—"

"खाली घ्या म्हणते ना. चेहरा बघू द्या मला."

या आवाजात काकू साहेबांशी कधीच बोलल्या नव्हत्या. साहेबांनी निमूटपणे फोन खाली घेतला. मुलीच्या घरच्या त्या छोट्याशा चौकटीत काकूंनी आपला नवरा बघितला: पांढराफटक चेहरा, रक्ताळलेली मिशी आणि डोळ्यांत चोरी पकडल्यासारखा भाव. काकू रडल्या नाहीत. त्यांनी मुलीच्या फोनवरून एकीकडे विमेवाल्या बाईंना फोन लावला, आणि या फोनवर साहेबांना सांगत राहिल्या, "पुढे वाका. नाक चिमटीत धरा. मी आहे. मी इथेच आहे. बोलू नका तुम्ही, नुसतं ऐका."

विमेवाल्या बाई आणि मास्तर साहेबांना दोन्हीकडून धरून हॉस्पिटलात घेऊन गेले. काउंटरवरच्या माणसाने चिठ्ठी मागितली. विमेवाल्या बाईंनी आयुष्यभर लोकांना मरणाची भीती घालून पोट भरलं होतं. ती सगळी कला त्यांनी त्या एका माणसावर पणाला लावली. आतून धाकट्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. रक्त काढलं. रक्ताने गोठायला किती वेळ घ्यावा याची एक मर्यादा असते, ती साहेबांच्या रक्ताने पार धुडकावून लावली होती. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. गोळी बंद झाली, सलाइन लागलं, इंजेक्शन दिलं, नाकात बोळे गेले. साहेब खाटेवर पडून छताकडे बघत होते.

संध्याकाळी काकू पोचल्या. मुलीने स्वतःच त्यांना बसमध्ये बसवून दिलं होतं. काकू आल्या, साहेबांच्या उशाशी उभ्या राहिल्या, त्यांच्या मिशीवरचा सुकलेला डाग पदराच्या टोकाने पुसला आणि मग बसल्या.

"जेवणात काही बदल झाला का अलीकडे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे," साहेब बोळ्यांतून म्हणाले. "उलट फार साधं खातोय."

काकूंनी मान खाली घातली. "झाला," त्या म्हणाल्या. "मी यांना रोज पाला घालत होते. वाटून. यांना न सांगता. रक्त अगदीच पाणी होऊ नये म्हणून. मी गेले आणि तो बंद झाला. माझ्यामुळे झालं हे."

साहेबांनी हळूहळू मान वळवली. "माझ्या घरात? पारड्याखाली?"

"हो," काकू म्हणाल्या, आणि आता मात्र त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

मग विमेवाल्या बाई पुढे झाल्या. "पाल्याचं मीच सांगितलं होतं. आणि गुडघ्याच्या गोळ्याही माझ्याच." डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला, त्या गोळ्यांनी रक्तस्राव आणखी वाढतो. मास्तर खोकले. "लसूण माझी." कोणी विचारलं नव्हतं, पण त्यांना राहवेना. एवढे कबुलीजबाब साहेबांना उभ्या नोकरीत एका बैठकीला मिळाले नव्हते, तेही न मागता.

शेवटी डॉक्टरीणबाई स्टूल ओढून बसल्या. दमलेल्या होत्या. "काकू, रडू नका. चूक आमची आहे. पालेभाजीने ही गोळी कमी चालते, हे आम्ही पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. मात्रा एवढी का वाढवावी लागतेय, हे मी विचारायला हवं होतं. यांचा मधला रिपोर्ट मी आत्ता बघितला. ट्रेमध्ये पडला होता. त्यानंतर कोणी तपासलंच नाही, आणि तपासलं नाही हेसुद्धा कोणाच्या लक्षात आलं नाही." त्या काकूंकडे वळल्या. "तुम्ही रोज देत होता तोवर सगळं जमलेलं होतं. गोळी तुमच्या हाताला जुळली होती. तुम्ही गेलात आणि यांच्या अंगात नुसती गोळी उरली."

"मग आता यांना इंजेक्शन कसलं दिलंत?" काकूंनी नाक पुसत विचारलं.

"पाल्यात जे असतं ना, तेच."

काकूंचे डोळे मोठे झाले. "म्हणजे तुम्ही पण तेच घातलंत!"

त्यावर डॉक्टरीणबाई हसल्या, विमेवाल्या बाई हसल्या, मास्तर हसले. साहेबांनाही हसू आलं पण बोळ्यांमुळे हसता येईना.

सगळे गेल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "मी तुम्हाला मारलं असतं हो."

तपासलंच नाही, हे डॉक्टरीणबाईंचे शब्द साहेबांना टोचत होते. त्यात त्यांचाही वाटा होता. शिक्का तराजूला चालतो. माणूस रोज बदलतो, त्याला रोज बघावं लागतं, आणि त्यांच्या घरात रोज बघणारं माणूस एकच होतं. पण हे एवढं सगळं बोळे घातलेल्या नाकाने सांगणं अवघड होतं. म्हणून त्यांनी चादरीखालचा हात बाहेर काढला आणि काकूंच्या हातावर ठेवला. "तू होतीस तोवर मला काही झालं नाही," ते म्हणाले. "तू गेलीस आणि मी गळायला लागलो. एवढंच खरं."

डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना बजावून सांगितलं, पाला बंद करायचा नाही. रोज ठरवून दिलेल्या वजनाएवढाच, कमी नाही, जास्त नाही. दर आठवड्याला रक्त तपासायचं आणि रिपोर्ट ट्रेमध्ये नाही, त्यांच्या स्वतःच्या हातात.

पण घरी आल्यावर काकूंनी स्वयंपाकघरातून हिरवा रंगच हद्दपार केला. साहेबांच्या ताटात अंडं, बटाटा, भात. दुसऱ्या दिवशी तेच.

"अगं, पाला कुठाय?"

"मला भीती वाटते," काकू ओट्याकडे तोंड करून म्हणाल्या. "माझा हात चुकला तर?"

साहेब उठले. काचेचं कपाट उघडलं आणि पितळी तराजू बाहेर काढून चक्क स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आणून ठेवला. एका पारड्यात त्यांनी डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं वजन ठेवलं. "वजन माझं. पाला तू घाल."

काकूंनी भीत भीत हात घातला. पाला निवडून, धुऊन, निथळून त्या एकेक पान पारड्यात टाकू लागल्या. साहेब चष्मा सावरून वाकले होते. दांडी हलली, डुलली आणि काटा मधोमध येऊन उभा राहिला.

"बस," साहेब म्हणाले. "पक्कं."

काकूंचा हात मागे गेला. मग थांबला. हातात एक पान उरलं होतं, चांगलं टपोरं. त्यांनी काट्याकडे बघितलं, नवऱ्याच्या दंडावरच्या फिकट होत चाललेल्या द्वीपकल्पाकडे बघितलं. बरेच वाळले होते साहेब.

आणि ज्या माणसाने बाजारातला अंगठ्याएवढा फरक कधी सोडला नाही, तो खिडकीबाहेर बघू लागला. समोरच्या गच्चीवर कोणाचे तरी कपडे वाळत होते.

पुढच्या तपासणीला आकडा अगदी हवा तिथे आला. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. साहेब मात्र खुर्चीतून उठेनात. त्यांच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली होती आणि ती दडवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"एक नोंद करायची आहे," ते घसा खाकरून म्हणाले. "आमच्या घरी तोलात जास्त पडतं. वजनापेक्षा एक पान वर."

"कधी कधी?"

"रोज."

"रोज एकच?"

"एकच. टपोरं असतं."

"मग ते बरोबरच आहे की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोजचं आहे ना? मी त्या पानासकटच मात्रा धरते. फक्त चुकवू नका."

साहेब घरी आले ते ताठ मानेने. पण हे त्यांनी काकूंना अजून सांगितलेलं नाही. काकूंना वाटतं, आपण ते पान साहेबांची नजर चुकवून टाकतो. म्हणून रोज स्वयंपाकाच्या वेळी, काटा मधोमध आला की शिक्केसाहेब खिडकीबाहेर बघायला लागतात, आणि मागे पारड्याची बारीकशी टिक ऐकू येईपर्यंत मान वळवत नाहीत.